टॉर्नेडोमागे जाणारे नेमके कशाने जखमी होतात?

डॅलसला एमएस करणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने विचारलंय. मे महिन्यात तो तीन मित्रांसोबत भाड्याची गाडी घेऊन ओक्लाहोमा आणि कॅन्ससकडे टॉर्नेडो बघायला जाणार आहे. नाशिकला घरचे धास्तावलेत. वादळांमागे जाणारे लोक कशाने जखमी होतात, कशाने मरतात आणि नवख्याने काय सांभाळायचं, हे त्याला हवंय.

मी बरीच वर्षं ओक्लाहोमात राहतो. दर वसंतात वादळांमागे जातो, नव्या मंडळींना सोबत नेतो. आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमचे घरचे ज्याला घाबरलेत तो टॉर्नेडो धोक्यांच्या यादीत खाली आहे. पहिला नंबर रस्त्याचा, दुसरा विजेचा आणि त्यानंतर खुद्द वादळाचा. हा क्रम चक डॉसवेल या नावाजलेल्या वादळ-शास्त्रज्ञाने फार पूर्वी मांडला होता. त्यानंतर जे जे मृत्यू झाले त्यांनी तो बदलायचं कारण दिलेलं नाही.

छंद म्हणून आणि संशोधन म्हणून वादळांचा पाठलाग 1950 च्या दशकात सुरू झाला. तेव्हापासून 2013 पर्यंत पाठलाग करताना टॉर्नेडोत सापडून मेलेला एकही चेसर, म्हणजे वादळांचा पाठलाग करणारा माणूस, नोंदीत नाही. रस्त्यावर मात्र माणसं गेली. 1984 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचा एक विद्यार्थी गेला, कारण समोर आलेल्या सशाला वाचवायला गाडी वळवली आणि ती हातातून सुटली. 28 मार्च 2017 ला टेक्सासमधल्या स्पर गावाजवळ चेसर्सची एक गाडी स्टॉपची पाटी असताना न थांबता चौकात शिरली आणि दुसऱ्या चेसरच्या जीपवर आदळली. दोन्ही गाड्यांत मिळून तिघं होते, तिघंही गेले. वादळ त्यांच्यापैकी कुणाला शिवलंही नव्हतं.

2022 चा एप्रिल आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. महिना संपता संपता, 29 तारखेला, ओक्लाहोमा विद्यापीठात हवामानशास्त्र शिकणारी तीन मुलं कॅन्ससमध्ये दिवसभर वादळामागे फिरून परत येत होती. टोंकावा गावाजवळ आय-35 महामार्गावर, रात्री, पावसात त्यांची गाडी पाण्यावरून घसरली, रस्त्यातच बंद पडली आणि मागून आलेल्या ट्रकने तिला उडवलं. तिघंही तुमच्याच वयाची. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, मे महिन्यात, मिनेसोटात विजेच्या तारा पडल्यामुळे थांबलेल्या चेसर्सच्या गाडीला ट्रकने मागून धडक दिली आणि मेक्सिकोची एक हवामानतज्ज्ञ गेली. या दोन्ही वेळी टॉर्नेडो जवळपास कुठेही नव्हता.

असं का होतं? पश्चिम ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सासचा वरचा भाग इथे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले आहेत. मैलामैलावर आडवा रस्ता, मैलामैलावर उभा रस्ता. चौक मोकळे, आजूबाजूला गव्हाची शेतं, सगळं लांबवर दिसतं आणि म्हणूनच कुणी नीट बघत नाही. त्यातले बरेच चौक असे असतात की तुमच्या बाजूला स्टॉपची पाटी असते पण आडव्या रस्त्याला नसते. तिकडून येणारा ताशी 65 मैलांनी सरळ जाणार, तो थांबणार नाही. डॅलसमध्ये चारही बाजूंनी थांबायच्या चौकांची सवय झालेला माणूस इथे फसतो. आपल्याकडून येऊन नुकतीच उजव्या बाजूने गाडी चालवायला लागलेली मुलं तर जास्तच फसतात. त्यात पश्चिमेला काळं आभाळ फिरताना दिसत असतं. डोळे रस्त्यावर ठेवणं त्या क्षणी किती जड जातं, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून माझ्या गाडीत एक नियम कधीच मोडत नाही. चालवणारा फक्त चालवतो. रडार, नकाशा, फोन, फोटो, आभाळाकडे बघून ओरडणं, हे सगळं बाकीच्यांचं काम. चालवणाऱ्याला ढग बघायचा असेल तर गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्यायची, पार्क करायची, मग बघायचं. "पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्धी चाकं डांबरावर ठेवून, दार रस्त्याच्या बाजूला उघडून कॅमेऱ्याची तिवई लावणारे लोक मी दर मोसमात बघतो. चांगल्या वादळाच्या दिवशी एकाच दोनपदरी रस्त्यावर शेकडो गाड्या असतात, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांची नजर तुमच्यावर नसते, ढगावर असते.

आता कच्चे रस्ते. नकाशावर मैलामैलावरचे सगळे रस्ते सारखेच दिसतात, पण त्यातले कितीतरी मातीचे असतात. कोरडे असताना छान पळता येतं. पावसाची एक सर आली की इथली लाल चिकणमाती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, आणि मग तुम्ही स्टिअरिंग कुठेही फिरवा, गाडी हळूहळू, अगदी चालण्याच्या वेगाने, कडेच्या चरीकडे सरकत जाते. ब्रेक दाबला की आणखी सरकते. चाक चरीत गेलं की संपलं. दारं चिखलाला टेकतात, फोनला रेंज नाही, आणि वादळ तुमच्याकडे येतंय. त्यामुळे पाऊस पडून गेलेल्या किंवा पडणार असलेल्या भागात मातीच्या रस्त्याला लागायचं नाही. भाड्याच्या गाड्यांच्या कित्येक करारांत कच्च्या रस्त्यावर नेलेल्या गाडीला विम्याचं संरक्षण नसतं, तेही घ्यायच्या आधी वाचा.

नद्यांचाही हिशेब आधीच करा. कॅनेडियन, सिमरॉन, रेड रिव्हर या नद्यांवर पूल लांब लांब आहेत. वादळ नदी ओलांडून जातं, तुम्हाला मात्र दहा-पंधरा मैल फिरून जावं लागतं. वादळाजवळ पोचायच्या आधी नकाशावर दक्षिणेचा आणि पूर्वेचा डांबरी रस्ता शोधून ठेवा. दोन्ही नसतील तर त्या जागी जाऊच नका, ढग कितीही सुंदर असला तरी.

परतीच्या प्रवासाबद्दल जास्त बोलायला हवं, कारण कुणी बोलत नाही. मेमधल्या एका दिवसात पाचशे-सहाशे मैल गाडी चालवणं नेहमीचं आहे. दुपारभर वाट बघणं, संध्याकाळी दोन-तीन तासांची धावपळ, आणि सूर्य मावळला की अंगातली सगळी तरतरी एकदम उतरते. त्याच वेळी पाऊस चालू असतो, रस्त्यावर हरणं येतात, ट्रकची वाहतूक असते. ओल्या रस्त्यावर वेग वाढला की टायर आणि डांबर यांच्यात पाण्याचा थर तयार होतो आणि टायर रस्ता सोडतो. टायर झिजलेले असतील तर हे कमी वेगातही होतं. पावसात क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडीचा वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, बंद ठेवा. गाडी घसरायला लागली तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगला हिसका देऊ नका, अॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि चाकं सरळ धरा. गाडी महामार्गाच्या पदरात बंद पडली आणि हलत नसेल तर आत बसून फोन लावत राहू नका. वाहतूक बघून बाहेर पडा, रस्त्यापासून लांब, कुंपणापलीकडे जा आणि तिथून 911 हा इथला आणीबाणीचा नंबर लावा.

वीज. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या पावसात दरवर्षी शेतात माणसं दगावतात, त्यामुळे विजेची भीती आपल्याला नवी नाही. पण इथे आलेला नवखा माणूस पाऊस पडत नाही म्हणून निर्धास्त असतो. सुपरसेलच्या, म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या मोठ्या गडगडाटी वादळाच्या, माथ्यावर पसरलेल्या ढगातून वीज मूळ पावसापासून दहा मैलांवरही पडते, डोक्यावर निळं आभाळ दिसत असताना. चेसरची नेहमीची जागा कोणती, तर उंचवटा, मोकळं माळरान, हातात तिवई, शेजारी शेताचं काटेरी तारेचं कुंपण. यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. कुंपणावर लांब कुठेतरी पडलेली वीज तारेतून प्रवास करून तुमच्यापर्यंत येते. विजेने जखमी होणाऱ्यांत थेट अंगावर वीज पडलेले थोडे असतात. जमिनीतून पसरलेला प्रवाह किंवा शेजारच्या वस्तूवरून उडालेली वीज बऱ्याच जणांना लागते.

गडगडाट ऐकू आला की गाडीत बसा, काचा वर करा. पत्र्याच्या छताची गाडी सुरक्षित असते ती रबरी टायरमुळे नाही. वीज बाहेरच्या धातूच्या कवचावरून जमिनीत जाते म्हणून. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही असा नियम आहे. चेसर्स तो पाळत नाहीत, हे मी लपवणार नाही. तुम्ही निदान इतकं करा की कॅमेरा काचेतून चालू ठेवा आणि वीज जवळ पडत असताना दाराला हात लावू नका.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने शिकून घ्यावी. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. एकापेक्षा जास्त लोक पडले असतील तर जो निपचित आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी जा. कण्हणारा, हालचाल करणारा बहुधा वाचणार आहे. निपचित पडलेल्याचं हृदय आणि श्वास थांबलेला असतो, पण लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन केलेला प्रथमोपचार, मिळाला तर तो परत येऊ शकतो. हृदय कधीकधी आपोआप सुरू होतं आणि श्वास मात्र बंदच राहतो, म्हणून छाती दाबण्याबरोबर तोंडाने श्वासही द्यावा लागतो. निघण्याआधी चौघांनीही सीपीआरचा वर्ग करा. गावाकडच्या भागात रुग्णवाहिका यायला लागणारा वेळ मोठा असतो.

गारा मारतात कमी, जखमी जास्त करतात. 23 जुलै 2010 ला साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावात पडलेली गार 8 इंच व्यासाची होती, वजन जवळजवळ 880 ग्रॅम. तुमच्या वाट्याला बेसबॉलएवढी आली तरी पुरे. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, मध्ये पातळ पडदा असतो, त्यामुळे ती तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचा तशा नसतात. त्या एका फटक्यात फुटतात आणि खडीसाखरेएवढे हजारो तुकडे मांडीवर, मानेत, सीटच्या खाचांत पसरतात. पुढच्या काचेवर मारा चालू असताना तिच्या आतल्या बाजूनेही काचेची बारीक भुकटी उडते आणि ती डोळ्यांत जाते. चालवणाऱ्याचे डोळे त्या वेळी गेले तर सगळेच गेले. म्हणून गाडीत प्रत्येकासाठी प्रयोगशाळेत घालतात तसा चष्मा ठेवा, एक जाड ब्लँकेट ठेवा. गारांत सापडलात आणि थांबणं शक्य असेल तर गाडीचं तोंड गारा येतायत त्या दिशेला करा, म्हणजे मजबूत काच मार खाते. खाली उतरून झाकायला धावू नका. गाडीच्या पत्र्याला पोचे पडू द्या.

आणि गारांच्या पडद्यातून आरपार जायचा मोह टाळा. इथे सुपरसेल साधारण ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे सरकतो, मुसळधार पाऊस आणि गारा त्याच्या पुढच्या, उत्तरेकडच्या भागात, आणि टॉर्नेडो मागच्या, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. उत्तरेकडून गारांत घुसून दक्षिणेला बाहेर पडणारा माणूस थेट टॉर्नेडोसमोर निघतो, आणि तो दिसेपर्यंत अंतर उरलेलं नसतं.

आता टॉर्नेडो. हा यादीत खाली आहे म्हणालो, पण त्यामुळे तो सौम्य होत नाही. 31 मे 2013 चा एल रीनोचा टॉर्नेडो ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला झाला. त्याच्या अकरा दिवस आधी मूर शहरात टॉर्नेडोने 24 माणसं मारली होती, त्यामुळे लोकांच्या मनात धसका होता आणि त्या संध्याकाळी सामान्य माणसंही घरं सोडून गाड्यांत बसली. रस्ते भरले. चेसर्स तर होतेच. टॉर्नेडो सहाच्या सुमारास उतरला, आधी आग्नेयेकडे गेला, मग पूर्वेकडे वळला, मग एकाएकी ईशान्येकडे, आणि काही मिनिटांत फुगून 2.6 मैल, म्हणजे सव्वाचार किलोमीटर रुंद झाला. आजवर मोजलेल्यांत सगळ्यात रुंद. पुढे सरकण्याचा वेगही अचानक वाढून ताशी 55 मैलांच्या आसपास गेला. फिरत्या रडारनी आतल्या छोट्या भोवऱ्यांत ताशी 300 मैलांच्या आसपासचे वारे टिपले. पाऊस आणि धुळीने सगळं इतकं वेढलेलं होतं की टॉर्नेडोची कड कुठे आहे तेच लांबून कळत नव्हतं.

त्यात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. एक स्थानिक हौशी चेसरही गेला. समारास बेफिकीर माणूस नव्हते, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्यांच्या मृत्यूनंतर दुरून बोलणाऱ्यांनी नको ते बोलून घेतलं. ते स्वतः उपकरणं बनवणारे अभियंता होते. 24 जून 2003 ला साउथ डकोटातल्या मँचेस्टरमध्ये त्यांनी टॉर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या यंत्राने हवेचा दाब 100 मिलिबारने घसरलेला नोंदवला. तशी नोंद आधी कुणाकडे नव्हती. आमच्या क्षेत्रात सावध माणूस म्हणूनच त्यांचं नाव घेतलं जायचं. त्या दिवशी ते एका लहान शेव्हरोले कोबाल्टमध्ये, मातीच्या रस्त्यावर, पूर्वेकडे जात होते. टॉर्नेडो वळला, वाढला आणि त्याच्या आतल्या एका भोवऱ्याने गाडी गाठली. मी तो चौक पाहिलाय. आजूबाजूला सपाट शेतं आहेत, आडोसा नावाला नाही. त्याच संध्याकाळी वेदर चॅनल या हवामान वाहिनीची गाडीही उचलली जाऊन शेतात फेकली गेली. चालकाची हाडं मोडली, पण पट्टे लावलेले होते आणि आतले सगळे जगले.

एल रीनोतून तुम्ही घ्यायचा धडा अंतराचा आहे. समारासांसारख्या माणसाला जो वळण घेताना दिसला नाही तो तुम्हाला दिसणार नाही. फोनवरचं रडार तुम्हाला वाचवणार नाही, कारण त्यावरचं चित्र चार-सहा मिनिटं जुनं असतं आणि रेंज गेली तर त्याहून जुनं. ताशी 55 मैलांनी चालणारा टॉर्नेडो पाच मिनिटांत साडेचार मैल पुढे गेलेला असतो. पहिल्या मोसमात वादळाच्या आग्नेयेला, चार-पाच मैल लांब राहा. तिथूनही दिसतं, आणि फोटोही उलट चांगले येतात. पावसात गुरफटलेलं वादळ असेल, म्हणजे ढगाचा तळ पांढऱ्या-करड्या पडद्यामागे गेलेला असेल, तर ते सोडून द्या. अंधार पडल्यावर पाठलाग नको. रात्री टॉर्नेडो फक्त विजेच्या लखलखाटात क्षणभर दिसतो. आणि टॉर्नेडो डावीकडे किंवा उजवीकडे सरकताना दिसत नसेल, जागच्या जागी मोठा होत असेल, तर तो थांबलेला नाही. तो तुमच्याकडे येतोय. लगेच निघा.

उड्डाणपुलाखाली आसरा घेऊ नका. 1991 मधल्या एका व्हिडिओमुळे तो गैरसमज पसरला. 3 मे 1999 ला ओक्लाहोमात लोक पुलांखाली गेले आणि तीन वेगवेगळ्या पुलांखाली माणसं मेली. पुलाखाली वारा चिंचोळ्या जागेतून घुसतो, उडत आलेला पत्रा-लाकूड तिथेच अडकतं, आणि तिथे थांबलेल्या गाड्यांमुळे मागच्यांचा रस्ता बंद होतो तो वेगळाच. पळायला रस्ता असेल तर पळा. काहीच उरलं नाही तर पट्टा लावून, डोकं काचांच्या खाली घालून हातांनी झाका, किंवा रस्त्यापेक्षा बरीच खोल चर असेल तर तिच्यात उपडे पडा.

पुराचं थोडक्यात: एक फूट वाहतं पाणी लहान गाडी तरंगवतं, दोन फूट बहुतेक गाड्या वाहून नेतं. रात्री खोली कळत नाही. रस्त्यावर पाणी दिसलं की मागे फिरा.

टॉर्नेडो गावातून गेला तर चेसर कधीकधी सगळ्यात आधी पोचतो. मदत करा, पण पायांत जाड तळाचे बूट हवेत, फ्लोटर्स नाही. मोडलेल्या घरांच्या फळ्यांतून वर आलेले खिळे तिथली सगळ्यात साधी जखम देतात, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. गॅसचा वास आला तर गाडी किंवा लाइटर सुरू करू नका. पडलेल्या तारा मेलेल्या धरू नका. तार गाडीवर पडली तर आतच बसा. आग लागली तरच, दोन्ही पाय जोडून, गाडी आणि जमीन एकाच वेळी न शिवता उडी मारा आणि पाय न उचलता सरकत लांब जा.

तुमच्या बेताबद्दल स्पष्ट सांगतो. चौघंही नवखे, भाड्याची गाडी, मेचा मध्य, या बेताला मी हो म्हणणार नाही. पहिल्यांदा अनुभवी माणसासोबत किंवा नीट चौकशी करून एखाद्या टूरबरोबर जा. ते पैसे वाया जात नाहीत. तरी स्वतःच गेलात तर विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्यात खिशातून किती भरावं लागतं ते बघून ठेवा, गाडीत रक्तस्राव थांबवायची पट्टी आणि ती वापरता येणारा माणूस असू द्या, आणि बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घ्या. दुपारी वादळं उठायच्या आधीच मुक्कामाचं गाव ठरवून खोली घ्या, म्हणजे रात्री अकरा वाजता डॅलसपर्यंत गाडी मारायचा विषय निघणार नाही. त्या गावाचं नाव नाशिकला कळवा, आणि खोलीत पोचलात की एक फोन करा. तेव्हा तिकडे सकाळ झालेली असेल.